मेरुरज्जूतील द्रवपूर्ण पोकळी

सिरिंगोमायलिया या विकारात मेरुरज्जूच्या आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि ती वर्षानुवर्षे सावकाश वाढत राहते. फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी १८२७ साली या विकाराला हे नाव दिले. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान लक्षणे दिसू लागतात. मानेच्या भागातील मेरुरज्जू सर्वाधिक बाधित होतो.

वेदना आणि तापमान यांची जाणीव वाहून नेणारे तंतू मेरुरज्जूच्या मध्याजवळून एका बाजूकडून दुसरीकडे जातात. पोकळी मध्यातच वाढत असल्याने प्रथम हेच तंतू तुटतात. स्पर्शाचे तंतू पाठीमागच्या बाजूने जात असल्यामुळे ते दीर्घकाळ सुरक्षित राहतात. म्हणून शाल पांघरावी तसा खांद्यांपासून हातांपर्यंतचा भाग स्पर्श ओळखतो, पण चटका ओळखत नाही. त्याच हातात आतून मात्र जळजळ आणि ठणका असू शकतो. या आजाराचे हे रूप घरच्यांना पटवणे रुग्णाला फार जड जाते.

खानदेशातील दिनक्रमात याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजताना, तव्यावरची कळण्याची भाकरी उलटताना हात पोळला तरी तो मागे घेतला जात नाही. फोड दिसल्यावरच भाजल्याचे कळते. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटे ओरखडतात आणि जखम चिघळेपर्यंत दुर्लक्षित राहते. म्हणून पाण्याची उष्णता बाधित हाताने न अजमावणे, चिमटा वापरणे आणि रोज रात्री हात डोळ्यांनी तपासणे आवश्यक ठरते. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहण्यासारखी अवजड कामेही टाळावीत, कारण जोर लावताना, तसेच खोकताना व शिंकताना पोकळीतील द्रवावरील दाब वाढतो.

सुन्न हात, वेदनारहित जखमा आणि झिजलेली बोटे पाहून कुष्ठरोगाची शंका येते. कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर बधिर चट्टे असतात आणि कोपराजवळची नस जाड लागते. सिरिंगोमायलियात चट्टे नसतात. हातांच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, तर पाय ताठरतात. कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, तरीही त्याच्या नावाने माणसाला आजही दूर ठेवले जाते. त्यामुळे निदानातील ही चूक दुहेरी अन्याय करते. मेरुरज्जूची एमआरआय तपासणी संशय दूर करते.

या पोकळीची कारणे अनेक आहेत: मणक्याची जुनी दुखापत, गाठ, क्षयजन्य मेंदूआवरणदाह. सर्वांत प्रमुख कारण म्हणजे हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये प्राग येथे वर्णिलेली रचनाविकृती. तिच्यात लहान मेंदूचा तळभाग कवटीच्या छिद्रातून खाली उतरतो आणि द्रवाचा मार्ग अडतो. बहुतेक शल्यविशारद तेथील हाड काढून जागा मोकळी करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हा कार्यरत असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी वेगळे मत मांडले: मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे. ते मणके जोडण्याची त्यांची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये त्यांनी कियारी विकृतीच्या ६५ रुग्णांचे अनुभव नोंदवले. हे मत सर्वमान्य नाही, परंतु महाराष्ट्रातून उभा राहिलेला हा विचार जगभर चर्चिला गेला.

शस्त्रक्रियेने पोकळी आक्रसते व वाढ थांबू शकते, पण गेलेली जाणीव अनेकदा पूर्ण परतत नाही. त्यामुळे चुलीपाशी घ्यायची काळजी आणि ठरावीक काळाने एमआरआय हे दोन्ही चालूच राहतात. चालताना नव्याने अडखळणे, बोटांची पकड सुटणे किंवा लघवीवरील ताबा जाणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.