आरएन दोनदा नापास, आता पीएन द्यावी का? एका ताईंचा प्रश्न आणि आपला हिशोब



गेल्या वर्षी 'लायसन्स लागणारे व्यवसाय' हा व्हिडिओ टाकला, तेव्हा अमेरिकेतून, फ्लोरिडातल्या टँपाजवळून एका ताईंचा मेसेज आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून ताईच म्हणतो. मूळच्या सांगलीकडच्या, बी.कॉम. झालेल्या. लग्नानंतर तिकडे गेल्या, ग्रीन कार्ड आल्यावर तिथल्याच कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली. आणि मग एनक्लेक्स-आरएन परीक्षेत दोनदा नापास. पुढे नवऱ्याबरोबर वृद्धांना घरी जाऊन सेवा देणारी एजन्सी काढायची, हे दोघांचं स्वप्न. मेसेजच्या शेवटी एवढंच होतं: "सर, आता खालची पीएनची परीक्षा देऊ का? की ते म्हणजे हार मानणं?"

'खालची' हा शब्द मला टोचला. त्यावर नंतर बोलू. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या, कारण तुम्ही नर्सिंगमध्ये नसलात तरी यातला हिशोब तुमच्या कामाचा आहे.

अमेरिकेत नर्सची दोन लायसन्स असतात. एक आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. दुसरं एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात यालाच एलव्हीएन म्हणतात. आरएनचं शिक्षण दोन ते चार वर्षांचं, एलपीएनचं साधारण वर्षभराचं. एलपीएन औषधं देते, ड्रेसिंग करते, पेशंटवर लक्ष ठेवते, पण आरएनच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली. दोन्हींची परीक्षा वेगळी, एनक्लेक्स-आरएन आणि एनक्लेक्स-पीएन. दोन्ही कॉम्प्युटरवर, कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास, फी 200 डॉलर. राज्याच्या बोर्डाची अर्ज फी वेगळी. मार्क मिळत नाहीत. तुम्ही पास की नापास याची 95 टक्के खात्री झाली की कॉम्प्युटर मध्येच थांबतो. ताई म्हणाल्या, दुसऱ्या वेळी 85 व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाला तेव्हा पोटात गोळा आला.

आता महत्त्वाचा मुद्दा. आरएनचा कोर्स केलेल्या माणसाला पीएनच्या परीक्षेला बसता येतं का? सगळीकडे सरसकट नाही, हे राज्याराज्याच्या कायद्यावर आहे. पण फ्लोरिडाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आरएनच्या कोर्समध्ये पूर्ण केलेले विषय पीएनच्या शिक्षणाच्या बरोबरीचे असतील, तर ते पीएनच्या लायसन्ससाठी धरता येतात. म्हणजे ताईंना पुन्हा वर्षभर शिकायची गरज नव्हती, परीक्षा तेवढी द्यायची.

त्याच कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे, जी ताईंना माहीतच नव्हती. लागोपाठ तीन वेळा नापास झालात, तर बोर्डाने मान्य केलेला उपचारात्मक कोर्स पूर्ण केल्याशिवाय चौथ्यांदा बसता येत नाही. ताई दोनदा नापास होत्या. म्हणजे तिसरा प्रयत्न हा नुसता तिसरा प्रयत्न नव्हता. तो फसला तर वेळही जाणार आणि कोर्सचे पैसेही. आणि ताई काय करत होत्या? 45 दिवसांची सक्तीची थांबायची मुदत कधीच संपली होती, आता लगेच तिसरी तारीख घ्यायच्या बेतात होत्या! रागाच्या भरात. "एकदाचं होऊन जाऊ दे," म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, दुकान चालेना म्हणून त्याच गल्लीत त्याच मालाचं तिसरं दुकान टाकता का तुम्ही?

आता पैशाकडे येऊ. 2024 सालच्या अमेरिकी सरकारी आकडेवारीत आरएनचं मध्यम वार्षिक उत्पन्न 93,600 डॉलर, एलपीएनचं 62,340. ताई तेव्हा नर्सिंग असिस्टंटचं काम करत होत्या, त्याचं मध्यम उत्पन्न 39 हजारांच्या आसपास. हे देशभराचे आकडे आहेत, तुमच्या गावात कमीजास्त होणार. पण वजाबाकी करून बघा. असिस्टंट आणि एलपीएन यांच्यात वर्षाला 23 हजारांचा फरक, म्हणजे महिन्याला 1,900 डॉलर. ताईंनी शेवटच्या नापासानंतर सात महिने 'तयारी' केली होती. सात गुणिले 1,900. हा आकडा वहीत लिहिल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

इथे मला माझंच आठवलं. मी सीए इंटरला दोनदा आपटलोय. त्यानंतर तीन वर्षं 'तयारी चालू आहे' असं पाहुण्यांना सांगत घरी बसलो. शेजारचे काका चार दुकानांचं हिशोबाचं काम देत होते, ते 'खालचं' म्हणून नाकारलं. आज त्या तीन वर्षांचा हिशोब मांडायला मला नको वाटतं. म्हणून तो शब्द टोचला.

पण थांबा, मी सगळ्यांना पीएन द्या असं म्हणत नाहीये. उलटी बाजूही आहे. आरएन आणि एलपीएनमधला फरक वर्षाला 31 हजार डॉलर, महिन्याला 2,600. पीएनच्या नादात तुमचं आरएन सहा महिने पुढे गेलं, तर तुम्ही तोट्यातच. मग ठरवायचं कसं? नापास झालेल्याला एक रिपोर्ट मिळतो, त्यात प्रत्येक विभागात तुम्ही पास व्हायच्या रेषेच्या वर, जवळ की खाली, ते लिहिलेलं असतं. माझं मत असं: बहुतेक ठिकाणी 'जवळ' असेल, तर पीएनकडे वळू नका, कच्चे विभाग पक्के करा आणि आरएनच द्या. बहुतेक ठिकाणी 'खाली' असेल, तर आधी पीएन, कमाई सुरू, आणि आरएनचा अभ्यास सावकाश. ताईंनी हा रिपोर्ट एकदा उघडून रडून बंद केला होता. पुन्हा बघितलाच नव्हता! आठपैकी पाच विभागांत 'खाली'.

आणखी एक गैरसमज. पीएन सोपी म्हणून आरएनच्याच अभ्यासावर जाऊन बसायचं, असं करू नका. आरएनमध्ये तुम्ही पेशंटची पहिली संपूर्ण तपासणी करता, सेवेची योजना आखता, कुणाला कोणतं काम द्यायचं ते ठरवता. पीएनमध्ये तुम्ही माहिती गोळा करता, आधी शिकवलेलं पेशंटला पुन्हा समजावता, आणि काही बिघडलं तर आरएनला कळवता. आरएनच्या सवयीने उत्तर देणारा माणूस जिथे 'कळवा' हे बरोबर उत्तर आहे, तिथे 'स्वतः ठरवा' निवडतो. ताईंचेही सराव प्रश्न सुरुवातीला असेच चुकले. मालकाने नोकराच्या खुर्चीत बसून मालकासारखं वागणं, म्हणा ना.

एजन्सीचं काय?

ताईंचा समज असा की आरएन झाले की एजन्सी काढता येईल. आम्ही फ्लोरिडाचा कायदा काढून वाचला. होम हेल्थ एजन्सीत नर्सिंग सेवा द्यायची तर डायरेक्टर ऑफ नर्सिंग आरएनच लागतो, आणि त्याला आरएन म्हणून देखरेखीच्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणजे ताई उद्या आरएन झाल्या तरी परवा त्या खुर्चीत बसू शकत नाहीत. पण मालक स्वतः आरएन असायला हवा, असं नाही. तो आरएन पगारावर ठेवू शकतो. आणि नुसती सोबत, स्वयंपाक, घरकाम, बाजारहाट एवढीच सेवा द्यायची असेल, तर फ्लोरिडात त्याची वेगळी नोंदणी असते. अट एवढीच की आंघोळ घालणं, उचलणं असं अंगाला हात लावायचं काम करायचं नाही. हे ऐकल्यावर ताईंचे मिस्टर, जे इतका वेळ मागे उभे होते, पहिल्यांदा पुढे येऊन खुर्चीत बसले.

महाराष्ट्रातून बघणाऱ्या नर्स भगिनींना एक सांगून ठेवतो. तुम्ही इथे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून हॉस्पिटलच्या मार्फत अमेरिकेला जायचं बघत असाल, तर पीएनचा हा रस्ता तुमचा नाही. ग्रीन कार्डसाठी नर्सना जी खास सवलतीची यादी आहे, 'शेड्यूल ए', ती आरएनसाठी आहे, एलपीएनसाठी नाही. ताईंकडे काम करायची परवानगी आधीपासून होती, म्हणून त्यांना हा पर्याय होता. 'पीएन देऊन अमेरिकेला पाठवतो' असं कुणी एजंट सांगत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला या यादीबद्दल विचारा आणि तोंडाकडे बघा.

ताईंनी पीएनचा अर्ज केला, दहा आठवडे रोज दोन तास अभ्यास केला आणि पहिल्याच झटक्यात पास झाल्या. आता एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करतात. (तिकडचं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करायची जागा.) सासूबाई अजून नातेवाइकांना 'आमची सून परीक्षा देतेय' एवढंच सांगतात. ताई म्हणाल्या, सांगू दे. मिस्टरांनी सोबत-सेवेच्या नोंदणीची कागदपत्रं गोळा करायला घेतली आहेत, आणि पहिली दोन गिऱ्हाइकं देवळातल्या ओळखीची आहेत.

आरएनची तिसरी तारीख त्यांनी अजून घेतलेली नाही. मागच्या रविवारी बोललो तेव्हा म्हणाल्या, सराव परीक्षेत औषधांचा विभाग अजून अडतोय, तो सुटेपर्यंत 200 डॉलर भरणार नाही.