अकरा ग्रॅम सहासष्ट

सकाळी ८:१५
आरमोरीच्या बाजारओळीत काकांचं सोनारकीचं दुकान आठ बाय दहाचं. जून २०२४. धानाच्या पऱ्ह्यांची घाई सुरू झालेली. काका शटर वर करतात, गल्ला पुसतात, मग काटा लावतात. काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. पंखा चालू असला की आकडा थरथरतो, म्हणून वजनाच्या वेळी पंखा बंद. हाताखालचा पोरगा पाणी भरतो. त्याची रोजी चारशे.

फळ्यावर खडूनं भाव लिहिला जातो: चांदी, ९० रुपये ग्रॅम. नागपूरच्या इतवारीतून फोनवर आलेला.

९:४०
वैरागडच्या बाजूनं एक आजी आली, सोबत नातू. पदराच्या गाठीतून रुपयांची माळ काढली. सात रुपये, प्रत्येकाला वर झाळलेली कडी, काळ्या दोऱ्यात ओवलेले.

"माह्या सासूचा माल हाये जी. बियाण्याले पैसे पायजे."

"सगळेच कायले विकता, माय? किती पायजे ते सांगा."

"तीन हजाराच्या आतबाहेर."

काका दोरा सोडतात. सातही रुपये कापडावर एका रांगेत मांडतात, राणी-राजाचा चेहरा वर. अजून तेजाब नाही, कसोटी नाही. आधी डोळा.

दोन व्हिक्टोरियाचे. मुकुटातले खडे झिजून एकसारखे झालेले, गालाची कड सपाट. दोन १९४४चे, सहाव्या जॉर्जचे. उरलेल्या तिघांत एक सातव्या एडवर्डचा, दोन पाचव्या जॉर्जचे.

१९४४चा रुपया काका उभा धरतात. कडेच्या दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच गोल फिरलेली. १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. उरलेल्या अर्ध्यात तांबं, निकेल, जस्त. खाच घातली ती नकली नाणी करणाऱ्यांना अडवायला. आज तीच खाच सांगते की हा अर्ध्या चांदीचा रुपया आहे. वजन मात्र जुन्या-नव्या दोघांचं सारखं, ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. जुन्यात शंभराला ९१.७ भाग चांदी. नुसत्या काट्यावर विश्वास ठेवणारा इथं फसतो.

१०:०५
पाचव्या जॉर्जच्या एका रुपयावर काका थांबले. सन १९११. भिंग डोळ्याला लावलं, मग माझ्या हातात दिलं.

राजाच्या छातीवर पदकांची माळ कोरलेली असते, तिच्यात एक हत्ती. १९११च्या नाण्यात त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली. बहुतेक नाणी टाकसाळीत परत वितळवली आणि १९१२ पासून लांब सोंडेचा हत्ती आला. म्हणून संग्राहक १९११ शोधत फिरतात. आजीच्या रुपयावर सन स्वच्छ वाचता येतो. हत्तीच्या जागी मात्र गुळगुळीत फुगवटा. पिढ्यांच्या लुगड्यांवर घासून गेलेला. वरून कडीची झाळ थेट काठावर चढलेली. ती काढली तरी डाग राहणार.

"ह्याले चांदीपेक्षा जास्त भेटते, माय, पण लय नाई. कडी नसती तर गोष्ट येगळी होती. हा ठेवा. मोडू नका."

मला हेच महत्त्वाचं वाटतं. आजीला त्या हत्तीची काही कल्पना नव्हती. काका गप्प राहिले असते तर तो रुपया चांदीच्या भावात गल्ल्यात गेला असता, आणि कोणाला कळलंही नसतं.

१०:३०
विकायचे ठरले चार: दोन व्हिक्टोरिया, दोन १९४४. पोरगा कड्या काढतो, कारण कडीचं वजन रुपयात धरायचं नाही. व्हिक्टोरिया ११.४२ आणि ११.३७. दुसरे ११.५८ आणि ११.५५. काका पाटीवर हिशेब मांडतात, नातवाला दिसेल असा. व्हिक्टोरियाच्या चांदीचे १,८८१. १९४४चे १,०४१. एकूण २,९२२. शेकडा दोन रुपये घट, ती ५८. हातात २,८६४.

नातू मोबाइलवर गुणाकार करून बघतो. जुळतो. उरलेले तीन रुपये काका नव्या दोऱ्यात ओवून देतात. दोऱ्याचे पैसे घेत नाहीत.

दुपारी १२:२०
एक तरुण आला. हातात पिवळं नाणं, एका बाजूला राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८. मोबाइलवरच्या व्हिडिओत याचे लाखो रुपये सांगितलेत. आधी अडीच हजार नोंदणी फी मागताहेत.

काकांनी भिंगसुद्धा काढलं नाही. कंपनीनं राम-सीतेचं नाणं कधी पाडलंच नाही. ही पितळी नाणी देवघरासाठी विकली जातात. "पैसे पाठवू नको, बाप्पा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मधेच सांगतलं, आमच्या नावानं जुन्या नाण्यांची फी मागणारे ठग हायेत." तरुणाचा चेहरा पडला. त्याला चहा पाजला. दहा रुपये.

२:४५
एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आले. ते नाणी जमवतात. कागदाच्या पुडीतून १९१७चा रुपया काढला, करडा, काठाशी निळसर झाक असलेला. पोरानं सवयीनं रिठ्याचं पाणी पुढे ओढलं. काकांनी त्याचा हात धरला.

"हात नको लावू! हा धुवाचा नाई."

सोनाराच्या दुकानात सगळं धुऊन, घासून चकचकीत होतं. जुन्या नाण्याला तेच पाप. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली केसासारख्या एकाच दिशेच्या रेघा दिसतात, आणि किंमत तिथंच उतरते.

नाणं काठावर दोन बोटांनी धरायचं. बल्बखाली हळूहळू तिरपं करायचं. टाकसाळीची मूळ चकाकी शाबूत असेल तर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. इथं तो अक्षरांच्या आडोशाला फिरला, मोकळ्या जागेत नाही. मग उंच जागा बघायच्या, कारण झीज आधी तिथं होते: मुकुटातले खडे, भुवई, कानाची पाळी, झग्याची वेलबुट्टी. खडे मोजता आले. भुवई थोडी चपटी. हत्ती पूर्ण, सोंडेसकट. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका, म्हणजे मुंबईची टाकसाळ. कलकत्त्याच्या रुपयाला ठिपका नसतो.

"व्हेरी फाइनच्या वर, एक्स्ट्रा फाइनच्या जरासा खाली," काका म्हणाले. कंडक्टर एक्स्ट्रा फाइनवर अडून बसले. भुवईवरून वाद झाला, तोही भिंगाची देवाणघेवाण करत, अगदी गंभीरपणे.

खरेपणाची खात्री पाण्यानं. पेल्यात पाणी, काट्यावर पेला, नाणं दोऱ्यानं पाण्यात अधांतरी सोडलेलं. काट्यावर १.१३ ग्रॅम वाढले. तोळाभर खऱ्या चांदीच्या रुपयाला एवढंच यायला हवं. ओरखडा नाही, तेजाबाचा थेंब नाही.

कंडक्टर पुडी बांधता बांधता सांगत होते: ज्या १९१७ मध्ये हा रुपया पडला, त्याच वर्षी महायुद्धात चांदी पुरेना म्हणून सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेनं आपले डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी चांदी दिली. तपासणीचे वीस रुपये त्यांनी न मागता ठेवले.

४:३०
ट्रॅक्टरवाला दारातूनच विचारून गेला: नांगरताना मडकं निघालं तर? काकांनी सरळ सांगितलं, तहसीलात कळवायचं. १८७८चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागतं. "माह्याकडे आणू नको." तो हसला, गेला.

६:१०
वीज गेली होती, आली. शेगडीत कोळसा, बाजूला छोटा पंखा. सकाळचे चार रुपये वितळवायचे. दोन मुशी. व्हिक्टोरिया एकीत, १९४४ दुसरीत. एकत्र केले तर चांगली चांदी हलक्या भावात जाईल. चिमूटभर सवागी. पोरगा चिमट्यानं मूस फिरवतो, कपाळावरचा घाम दंडाला पुसतो. राणीचा चेहरा आधी लाल होतो, मग एकदम बसतो.

ओतून, गार करून काटा: २२.५४ आणि २२.७०. सकाळी ४५.९२ होते, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत तूट. शेकडा दोन धरली होती, निघाली दीडच्या आत. उरलेल्यात कोळसा, सवागी आणि एका मुशीचं आयुष्य.

८:००
पोराला चारशे. उद्या पहिल्या एसटीनं त्यानं नागपूर गाठायचं, दोन्ही लगड्या वेगवेगळ्या पुड्यांत, पुड्यांवर वजन लिहिलेलं. काका त्याला दोनदा बजावतात की अर्ध्या चांदीची पुडी आधी दाखवायची, भाव ठरल्यावरच दुसरी काढायची.