अल्पमोली भेट

आपल्याकडे मुलाचा वाढदिवस म्हणजे सकाळचे अभ्यंगस्नान, अंगावर नवा सदरा किंवा परकर, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार, दिवेलागणीला पाटावर बसवून केलेले औक्षण आणि घरात शिजलेला शिरा वा खीर, एवढाच सोहळा पुष्कळ दिवसांपर्यंत असे. त्याला बाहेरचे निमंत्रण नसे, आणि निमंत्रण नसल्यामुळे भेटीचा प्रश्नही उपस्थित होत नसे. पुढे शहरांतून केक, फुगे आणि शेजारपाजारची पंधरा-वीस मुले असा नवा शिरस्ता रूढ झाला, आणि आहेराच्या देवघेवीचे जे नियम पूर्वी लग्नमुंजींपुरते मर्यादित होते, ते तीन वर्षांच्या बालकाच्या वाढदिवसालाही नकळत लागू झाले. त्यांनी आपल्या मुलीला काय दिले होते, त्याच्या बरोबरीचे आपण काय द्यावे, कमी दिले तर कसे दिसेल, असा जमाखर्च घरोघर मांडला जातो; आणि महिन्याला चार निमंत्रणे आली की मध्यम ऐपतीच्या गृहस्थाला तो जमाखर्च जड जातो, हे उघड आहे.

या साऱ्या विवंचनेत ज्याच्यासाठी भेट घ्यावयाची त्या बालकाचा विचार बहुधा मागे पडतो. वस्तूची किंमत ही थोरामोठ्यांची आपसातील बाब आहे; पाच-सहा वर्षांच्या आतील मुलाला तिची गंधवार्ता नसते. त्याच्या दृष्टीने वस्तूचे मोल एकाच गोष्टीवर ठरते, आणि ती म्हणजे त्या वस्तूने त्याला स्वतः करण्यासारखे किती शिल्लक ठेवले आहे. कळ दाबताच गाणे म्हणणारी, दिवे लुकलुकविणारी आणि भिंतीला आदळून आपोआप वळणारी मोटार सारे काही स्वतःच करते, मुलाने केवळ पाहत बसावयाचे असते. म्हणून दोन दिवसांत तिचे नवल ओसरते, आणि तिसऱ्या दिवशी ती उघडून तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याची जी ऊर्मी मुलाला येते, तिला आपण वात्रटपणा म्हणतो. वस्तुतः हाताला काम हवे असल्याची ती निशाणी असते.

ज्यांनी बालकांचे निरीक्षण आयुष्यभर केले, त्यांनी खेळणी साधीच निवडली. 1837 साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे बालकांची शाळा काढणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी आपल्या साहित्याला 'देणग्या' असे नाव दिले होते, आणि त्या देणग्या म्हणजे काय, तर प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडाचा गोल, दंडगोल आणि घन, आणि त्यानंतर आठ लहान घनांत सुटा होणारा एक घन. पुढे अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पी झालेले फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने हे साहित्य 1876 सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहून आपल्या मुलासाठी मिळविले, आणि त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायमचा राहिला, असे राइट यांनी आत्मचरित्रात कृतज्ञतेने नमूद करून ठेवले आहे.

परंतु आपल्याला याहूनही जवळचा दाखला म्हणजे ताराबाई मोडक यांचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यानंतर ताराबाईंनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. विलायती पद्धतीचे महागडे शैक्षणिक साहित्य खेड्यातील बालवाडीला परवडणार नाही, हे ओळखून या दोघींनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काड्या अशा परिसरातल्या जिनसांपासून मोजण्याचे, जुळविण्याचे, रंग आणि आकार ओळखण्याचे साहित्य सिद्ध केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये तेच काम चालविले. द्रव्याच्या टंचाईतून निघालेली ही तजवीज शिक्षणाच्या दृष्टीने यत्किंचितही उणी ठरली नाही, याचा विसर पडू नये, असे मला मनापासून वाटते. कारण स्वस्त भेट देताना आपण काही कमी देत आहो, हा संकोच त्या एका उदाहरणाने दूर व्हावयास हरकत नाही.

ठोकळ्यांचेच घ्या. दुकानात त्यांची पेटी घ्यावयास गेल्यास किंमत ऐकून मनुष्य मागे फिरतो. परंतु कोणत्याही सुताराच्या कारखान्यात सागवानाचे आणि देवदाराचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, आणि ते तो थोडक्या पैशांत, कित्येकदा विनामूल्यही देतो. त्याच्याकडूनच ते दोन इंच रुंद, एक इंच जाड आणि दोन, चार व आठ इंच लांब अशा तीन मापांत कापून घ्यावेत. माप असे दुपटीने ठेवण्यात हेतू हा, की दोन लहान मिळून एक मधला आणि दोन मधले मिळून एक मोठा होतो, हे मूल अंक शिकण्यापूर्वी हाताने शिकते. तीस-चाळीस तुकडे झाले म्हणजे पुरे. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर एकशेवीसचा आणि शेवटी दोनशेवीसचा, या क्रमाने प्रत्येक तुकडा लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावा, कडा आणि कोपरे विशेष काळजीने गोलसर करावेत, आणि आपल्याच गालावरून फिरवून कोठे कूस लागते काय ते पाहावे. रंग देण्याची जरूर नाही. खोबरेलाचा हलका हात फिरविला तरी लाकडाचा मूळ वर्ण खुलून दिसतो. प्लायवुडचे आणि भुसा चिकटवून केलेल्या फळ्यांचे तुकडे मात्र वर्ज्य समजावेत, कारण त्यांच्या कडांना कुसळे सुटतात. जुन्या लुगड्याची नाडी ओवलेली पिशवी शिवून तीत हे ठोकळे घालून दिले, की दीड वर्षाच्या मुलाला ते एकावर एक रचून पाडावयास, चार वर्षांच्या मुलीला त्यांचे घर बांधावयास, आणि सात वर्षांच्या भावाला त्यांचा किल्ला उभारावयास चालतात. एवढी वर्षे पुरणारी दुसरी भेट मला तरी ठाऊक नाही.

ज्यांना सुताराकडे खेपा घालणे शक्य नाही, त्यांनी सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळेभाज्या, नागपूरकडे तान्ह्या पोळ्याच्या सुमारास बाजारात येणारे लाकडी बैल, किंवा कुंभाराकडील बोळकी आणि चूल यांकडे वळावे. भातुकलीच्या खेळात स्वयंपाक कल्पनेचाच असतो, तेव्हा भांडी पितळेचीच हवीत असे नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर कापडाचा चेंडू आणि झाकणाचा हलका डबा एवढेही पुरेसे होते. डब्यात घालणे आणि काढणे या एका क्रियेत त्याची सबंध सकाळ जाते. चार वर्षांपुढील मुलाला हाती धरावयाचे भिंग द्यावे. मात्र त्यातून सूर्याकडे पाहू नये आणि ते उन्हात पडू देऊ नये, ही सूचना त्याच्या आईवडिलांच्या कानावर घालावी.

सुरक्षिततेच्या बाबतीत काटकसर करू नये. खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात सक्तीचे झाले आहे, नोंदणीकृत हस्तकारागिरांना तेवढी त्यातून सूट आहे. म्हणून पदपथावरील स्वस्त प्लास्टिकच्या वस्तू घेताना ते चिन्ह शोधावे, आणि ते नसल्यास वस्तू खाली ठेवावी. तीन वर्षांखालील मुलाच्या भेटीत सुमारे सव्वा इंचाच्या गोल नळीतून आत जाईल असा कोणताही सुटा भाग नसावा. मणी, गोट्या आणि सागरगोटे या नियमाने बाद होतात. नाण्याच्या आकाराची चपटी बॅटरी ज्या वस्तूत सहज निघते, ती वस्तू तर कोणत्याही वयाच्या लहान मुलाच्या घरी नेऊ नये. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा करू शकते, आणि अशा प्रसंगी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही समारंभ संपताच वेचून टाकावेत, कारण घशात ते चिकटून बसतात.

पुस्तकांविषयी फार सांगण्याची आवश्यकता नाही, कारण नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील सचित्र मराठी पुस्तके आजही थोडक्या किमतीत मिळतात. परंतु वाचू लागलेल्या मुलासाठी एक सूचना अवश्य करतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 सालापासून निघत आहे. त्याची वर्षाची वर्गणी मुलाच्या नावाने भरावी. दर महिन्याला टपालाने स्वतःच्या नावाचे काही तरी येते, हा अनुभव आजच्या मुलांना क्वचितच लाभतो, आणि शेजारच्या लहान बहिणीला ते वाचून दाखविण्याचा मानही त्याला मिळतो.

उरला परतभेटीचा मामला. निघताना प्रत्येक मुलाच्या हाती पेन्सिल, चॉकलेट आणि एक तकलादू खेळणे घातलेली पिशवी देण्याची जी प्रथा पडली आहे, तिचा खर्च पुष्कळदा केकपेक्षा अधिक होतो आणि त्यातील बहुतेक जिन्नस आठवडाभरात केरात जातात. त्याऐवजी स्वयंपाकघरातील मेथी, मोहरी आणि धने यांच्या तीन लहान पुड्या बांधून द्याव्यात. मेथी ओल्या मातीत दोन-तीन दिवसांत वर येते, मोहरीही तिच्या मागोमाग येते. धने मात्र लाटण्याने हलकेच दाबून दोन फाके करून पेरावे लागतात आणि त्यांना आठवडा-दीड आठवडा लागतो, तेव्हा ते पुडीवर ठळक अक्षरांत लिहून द्यावे, नाही तर मुले तिसऱ्या दिवशीच माती उकरून पाहतात.