विश्लेषण : ‘ऑल-इन्क्लुसिव्ह’ रिसॉर्टमध्ये ‘सगळं’ म्हणजे नेमकं किती? मुलांसह मालदीवला जाण्याआधी हा हिशेब पाहा

सुट्टी जवळ आली की मोबाइलवर मालदीवच्या जाहिराती दिसू लागतात. निळं पाणी, पांढरी वाळू आणि खाली एक ओळ : ऑल-इन्क्लुसिव्ह, चार रात्री, मुलं मोफत. मुंबईहून मालेला थेट विमानाने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर मोफत प्रवेश मिळतो. त्यामुळे ‘दर वेळी गोवाच का, एकदा तिकडे जाऊ’ असा विचार अनेक घरांत होतो. गोंधळ उडतो तो किमती पाहताना. एकाच रिसॉर्टच्या एकाच खोलीचे तीन-चार दर दिसतात आणि सर्वात महाग दरापुढे ‘सगळं समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. दोन शाळकरी मुलं असलेल्या, फारशी दारू न पिणाऱ्या कुटुंबाला हा महाग दर परवडतो का? उत्तर बारपेक्षा मुलांच्या वयावर जास्त अवलंबून आहे.

एकाच खोलीचे इतके दर कसे?

भारतातल्या टूर एजंटांच्या भाषेत सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे त्यात एक मुख्य जेवण आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. मालदीवमध्ये यांनाच बेड अँड ब्रेकफास्ट, हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड म्हणतात. ऑल-इन्क्लुसिव्ह ही त्यावरची पायरी. त्यात जेवणासोबत पेयंही येतात. अनेकांची फसगत फुल बोर्डमध्ये होते. तिन्ही जेवणं मिळतात, पण जेवताना मागवलेलं सरबत, कॉफी आणि काही ठिकाणी बाटलीबंद पाणीही बिलावर चढतं.

गोव्यात हा प्रश्न फारसा पडत नाही. हॉटेलच्या फाटकाबाहेर शॅक असतो, दोन गल्ल्या सोडून फिश थाळी मिळते. तारकर्लीला तर घरगुती निवासातली मालकीणच दुपारी ताट वाढते. सीपी घेऊन बाहेर खाणं तिथे शहाणपणाचं. मालदीवमध्ये ‘बाहेर’ असं काही नसतंच. तिथल्या पर्यटनाची जुनी रचनाच ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी आहे. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून हाच साचा चालत आला. चालत दहा-पंधरा मिनिटांत संपणारं बेट, त्यावर एकच मालक आणि सगळी उपाहारगृहं त्याचीच. अन्नधान्यापासून फळांपर्यंत जवळपास सगळं बाहेरच्या देशांतून बोटीने किंवा विमानाने आलेलं. त्यामुळे पॅकेजबाहेर मागवलेलं साधं सँडविचही स्वस्त नसतं आणि ते नको म्हणून कुठे जाताही येत नाही.

दरापुढचं ‘प्लस-प्लस’

मालदीवच्या किमतींपुढे अनेकदा अधिकची दोन चिन्हं असतात. पहिलं १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं पर्यटनावरच्या वस्तू-सेवा कराचं. हा कर १ जुलै २०२५ पासून १६ वरून १७ टक्के झाला. दोन्हींची बेरीज २७ टक्के वाटते, पण कर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरचे आधी ११० होतात आणि त्यावर १७ टक्के धरले की १२८ डॉलर ७० सेंट. मेनूकार्डावर छापलेली किंमत पाहून डोक्यात हिशेब करताना पावणेतीन-तीन दशांश जास्तच धरलेले बरे.

याशिवाय ग्रीन टॅक्स आहे. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये तो दर माणशी दर रात्री १२ डॉलर आहे, आधी ६ होता. दोन वर्षांखालच्या मुलांना तो माफ, बाकी मुलांना पूर्ण. चौघांचं कुटुंब चार रात्री राहिलं तर १९२ डॉलर. ‘मुलं मोफत’ असली तरी त्यांचा ग्रीन टॅक्स मोफत नसतो. हा कर काही संकेतस्थळं दरात धरतात, काही ‘तिथे भरा’ असं बारीक अक्षरात लिहितात. दोन ठिकाणच्या किमतींची तुलना करण्याआधी ही ओळ शोधावी.

तिसरा मोठा खर्च विमानतळ ते रिसॉर्ट या प्रवासाचा. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, लांबच्या बेटांवर सी-प्लेन. सी-प्लेनचं भाडं चौघांसाठी काही रात्रींच्या खोलीभाड्याच्या बरोबरीला जाऊ शकतं आणि बऱ्याच पॅकेजमध्ये ते वेगळं असतं. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. त्यामुळे मुंबईचं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर माले किंवा हुलहुमालेत एक रात्र मुक्काम पडतो, आणि तो कुठल्याच ‘सगळं समाविष्ट’मध्ये नसतो. सामानाची मर्यादाही कमी, साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे कुठल्या एका रिसॉर्टचे नाहीत, गणित कळावं म्हणून घेतले आहेत. समजा, हाफ बोर्ड आणि ऑल-इन्क्लुसिव्ह यांच्यात मोठ्या माणसामागे रोज ९० डॉलरचा फरक आहे, कर धरून. दोघांचे १८०. हाफ बोर्डमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण आहेच, म्हणजे विकत घ्यायचं ते दुपारचं जेवण आणि पेयं. दुपारी माणशी ३५ डॉलर, दिवसभरात दोघांचे मिळून चार कॉफी-सरबतं प्रत्येकी ८ डॉलरची. हे झाले १०२ आणि कर-सेवाशुल्क धरून १३१. म्हणजे दारू न पिणारं जोडपं ऑल-इन्क्लुसिव्ह घेऊन रोज ४९ डॉलर जास्त मोजतं. १६ डॉलरचं कॉकटेल करासह साडेवीसला पडतं असं धरलं, तर दोघांत मिळून रोज तिसऱ्या ग्लासाला पैसे वसूल होऊ लागतात.

आता यात मुलं आणा. मोठ्यांनी घेतलेला प्लॅन मुलांना फुकट लागू होत असेल, तर वेगळं काहीच न घेता त्यांचं दुपारचं जेवण सुटतं. १८ डॉलरच्या दोन प्लेट करासह ४६ डॉलर होतात. ४९ ची तूट जवळपास तिथेच भरून निघाली, आणि समुद्रातून बाहेर आल्यावर मागितली जाणारी आइस्क्रीमं अजून मोजलेलीच नाहीत. म्हणजे एक थेंब दारू न पिताही ऑल-इन्क्लुसिव्ह बरोबरीत सुटू शकतं.

पण हेच गणित एका वाढदिवसाने उलटतं. बऱ्याच ठिकाणी मुलांसाठीची सवलत १२ वर्षांखाली असते आणि वय मोजतात ते मुक्कामाच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही. पासपोर्टवर जन्मतारीख असतेच. मोठं मूल सहलीच्या आठवडाभर आधी १२ वर्षांचं झालं, तर त्यालाही मोठ्यांचा दर. वरच्या उदाहरणात चार रात्रींचे ३६० डॉलर नुसत्या प्लॅनचे वाढले, तेही जो बारकडे फिरकणारसुद्धा नाही त्याच्यासाठी. अशा वेळी हाफ बोर्ड घेऊन दुपारचं जेवण विकत घेणं स्वस्त पडू शकतं. ‘मग एकाला ऑल-इन्क्लुसिव्ह, बाकीच्यांना हाफ बोर्ड’ ही युक्ती बहुतेक ठिकाणी चालत नाही. एका खोलीतल्या सगळ्यांचा प्लॅन एकच लागतो.

रिसॉर्टला हे परवडतं कसं?

अनलिमिटेड थाळीच्या हॉलला परवडतं तसंच. आमरसाच्या दिवसांत आठ वाट्या रिचवणारा एखादाच, बाकीचे तिसऱ्या वाटीला हात आखडता घेतात. मालक सरासरीवर दर लावतो. बुफेमुळे किती शिजवायचं याचा अंदाज पक्का होतो, पैसे आगाऊ येतात आणि प्रत्येक ग्लासामागे बिल फाडायला माणूस लागत नाही.

गंमत म्हणजे या कल्पनेच्या सुरुवातीला पेयं त्यात नव्हतीच. १९५० मध्ये बेल्जियमच्या जेरार ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला. राहणं, जेवण, खेळ एका रकमेत. बारमध्ये मात्र पुढे बरीच वर्षं गळ्यातल्या माळेचे मणी तोडून द्यावे लागत, ते मणी म्हणजेच पैसे. मुलांसाठीचा ‘मिनी क्लब’ही याच कंपनीने १९६७ मध्ये आणला. पेयांसकट ‘सगळं’ ही आजची रीत रुजली ती १९७० आणि ८० च्या दशकांत, जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवर. पुढे अति झालं. त्याच मायोर्कातल्या काही पर्यटनपट्ट्यांमध्ये २०२२ पासून ऑल-इन्क्लुसिव्ह पाहुण्याला दिवसाला सहाच मद्यपेयं मिळतात, दोन्ही जेवणांसोबत तीन-तीन.

या पद्धतीत पाहुणा बाहेर पडत नाही, त्यामुळे गावातल्या खानावळी आणि टॅक्सीवाल्यांना काही मिळत नाही, ही तक्रारही जुनी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने १९९९ मध्ये अशा पॅकेजवर थेट बंदी घातली होती आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. मालदीवमध्ये आता माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर स्थानिकांची गेस्टहाउसं आहेत. तिथे लहान उपाहारगृहांत सकाळी मास हुनी, म्हणजे टुना मासा, खवलेला नारळ, कांदा आणि मिरची, सोबत रोशी मिळते. रोशी म्हणजे जवळपास आपली चपाती. छोट्या गेस्टहाउसला ग्रीन टॅक्सही निम्मा, ६ डॉलर. मात्र या बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर वावरता येतं. दारू नकोच असलेल्या कुटुंबांना यात तोटा कसला, हा प्रश्न जाहिरातीत अर्थातच नसतो.

मुलांच्या बाबतीत विचारायचं काय?

किड्स क्लब बहुतेक ठिकाणी ४ ते १२ वयासाठी असतो. तीन वर्षांच्या मुलाला तिथे एकटं सोडता येत नाही, आईबाबांपैकी कुणी तरी थांबायचं किंवा तासाच्या दराने सांभाळणारी व्यक्ती घ्यायची. जाहिरातीतल्या पाण्यावरच्या व्हिला अनेक रिसॉर्ट लहान मुलांना देत नाहीत, काही जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. लहानांसह किनाऱ्यावरची खोलीच बरी. किनाराही विचारून घ्यावा. काही बेटांभोवती उथळ, संथ लगून असतो. काही ठिकाणी प्रवाळाचा कठडा किनाऱ्यालगत येतो आणि त्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो. पोहता येणाऱ्या मोठ्यांना तेच हवं असतं, पाच वर्षांच्या मुलाला नाही.

स्नॉर्केलिंगचं साहित्य आणि कयाक प्लॅनमध्ये सहसा असतात. जेट स्की, पॅरासेलिंग, स्पा, डॉल्फिन पाहायची सहल सहसा नसते. मुख्य बुफे सोडून दुसऱ्या उपाहारगृहात जेवलं की अनेक ठिकाणी वरचे पैसे पडतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुफेतच मिळेल की वेगळ्या उपाहारगृहात, हे आधी ई-मेलवर लेखी घ्यावं. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बहुतेक रिसॉर्ट ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे ऑल-इन्क्लुसिव्ह पाहुण्यांनाही वेगळे भरावे लागतात. जायचं नाही म्हटलं तरी सुटका नसते.

घरून दारू न्यायची नाही, विमानतळावर ती ताब्यात घेतात. पूजेसाठीची मूर्ती नेण्यावरही तिथल्या सीमाशुल्क नियमांत बंदी आहे, प्रवासात देव सोबत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘आयमुगा’ हा प्रवासाचा ऑनलाइन अर्ज पोहोचण्याआधीच्या ९६ तासांत भरावा लागतो. तो मोफत आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ खरं नव्हे.

मे महिन्यात दर का उतरतात?

मालदीवचा कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मे पासून नैर्ऋत्य मोसमी वारे तिथेही पोहोचतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आणि तिथला पाऊस एकाच वेळी. पाऊस दिवसभर पडेलच असं नाही, पण समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असू शकतं. बोटीच्या सहली रद्द होतात. दर उतरलेले असतात ते यामुळेच. या दिवसांत ऑल-इन्क्लुसिव्हला जरा जास्त अर्थ आहे, कारण पावसात अडकलेली मुलं खातच राहतात.

भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त पावती जपून ठेवायची. तिथे डॉलरमध्ये कार्ड वापरल्यास बँकेचं परकीय चलन शुल्क वेगळं लागतं.

आणि शेवटचा दिवस. खोली साधारण १२ वाजता सोडावी लागते, अनेक ठिकाणी प्लॅनही तेव्हाच संपतो. परतीची बोट किंवा सी-प्लेन दुपारी तीनला असेल तर मधल्या तीन तासांतलं चौघांचं जेवण मेनूकार्डाच्या दराने, अधिक २८.७ टक्के. काही रिसॉर्ट निघेपर्यंत प्लॅन चालू ठेवतात, पण ते बुकिंगच्या वेळीच विचारावं लागतं. त्यात आणखी एक मेख आहे. अनेक बेटांवर संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवलेलं असतं. माले भारताच्या अर्धा तास मागे, म्हणजे ते बेट भारताच्या अर्धा तास पुढे. निघण्याची वेळ सांगितली जाते तेव्हा ती कुठल्या घड्याळाची, हेही विचारून घ्यावं.