फोनवर नेट येतं, मग कॉम्प्युटरवर का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. आजचा विषय: डेस्कटॉपला केबलने नेट जोडणं.

गेल्या जूनमध्ये मोखाड्याकडच्या एका ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातून मित्राचा फोन आला. "दोन दिवस नेट बंद आहे रे. पाड्यांवरून माणसं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतात नि तशीच परत जातात." ॲडमिशनचे दिवस, त्यात धो धो पाऊस. मी विचारलं, "मोबाइल डेटा बंद कर. राउटरच्या वायफायवर नेट येतं का?" तर म्हणाला, "हो, ते येतंय की!"

म्हणजे लाइन चालू होती. अडलं होतं ते राउटर आणि कॉम्प्युटरच्या मधेच. अशा वेळी क्रम असा ठेवा.

पहिलं, लाइट बघा. सीपीयूच्या मागे केबल खोचतो तिथे बारीक दिवे असतात. एकही पेटत नसेल तर केबल काढून 'टक' आवाज येईपर्यंत परत खोचा. राउटरचं दुसरं पोर्ट, मग दुसरी केबल लावून बघा.

दुसरं, पत्ता बघा. विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर करा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, पण मिळाला नाही. राउटर बंद-चालू करा, केबल पुन्हा तपासा. पत्ता दिसतोय, पण गेटवे फोनच्या वायफाय माहितीतल्या गेटवेशी जुळत नाही? मग कोणीतरी पत्ता हाताने भरून ठेवलाय.

मित्राकडे हेच झालं होतं. जुन्या राउटरच्या वेळी कोणीतरी १९२.१६८.१.१० भरलेला, आणि नवा राउटर १९२.१६८.०.१ वर. वाडी बदलली, पण पाटी जुनीच!

तिसरं, सेटिंग बदला. विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिहा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. आधी जुन्या आकड्यांचा फोटो काढा बरं का. काही ऑफिसांत ते मुद्दाम दिलेले असतात, तिथे विचारूनच हात लावा. नाहीतर आयपी आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिकली' करून ओके. हे पत्ते वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं.

फोनवर बोलत बोलत पाच मिनिटांत काम झालं. पण त्या दोन दिवसांत ज्यांचा रोज बुडाला, त्यांना ती पाच मिनिटं केवढ्याला पडली!

जव्हार-मोखाड्यातल्या मंडळींना एक जास्तीची सूचना: विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर लॅन केबलही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून पोर्ट वाचत नाही.

आणि राउटरचा पत्ता कागदावर लिहून सीपीयूला चिकटवा. भेटू पुढच्या भागात!