‘जंक्शन’चे गोत्र
परभणी जिल्ह्यातील रेल्वे प्रवाशांना ‘परभणी जंक्शन’ आणि ‘पूर्णा जंक्शन’ ही नावे परिचित आहेत. जंक्शन म्हणजे मोठे स्थानक, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. किमान तीन दिशांचे लोहमार्ग जेथे एकत्र येतात, ते जंक्शन. परभणीला मनमाड, पूर्णा आणि परळीकडील मार्ग मिळतात. पूर्णा येथे परभणी, नांदेड आणि अकोल्याकडील. याउलट नांदेड हे रेल्वेचे विभागीय मुख्यालय असूनही त्या स्थानकाच्या नावात जंक्शन नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, या क्रियापदात आहे. संस्कृतातील ‘युज्’ हा धातू त्याचाच भाऊबंद. ‘योग’, ‘युक्त’, ‘संयोग’ हे शब्द या धातूपासून झाले. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हा शब्दही संस्कृत ‘युग’वरून आलेला, म्हणजे याच कुळातला.

मराठी बोलीत मात्र ‘जंक्शन’ला निराळाच अर्थ लाभला. ‘जंक्शन बेत’ म्हणजे झकास, दणदणीत बेत. फलाटावरच्या पाटीवर परका वाटणारा हा शब्द मूळच्या नात्याने शेतातल्या जुवाचा सोयरा आहे.