चितपटीच्या वादाचं खापर कुणाच्या माथी?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची शेवटची लढत. पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निकाल पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. वाद चिघळला, राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथही मारली. पुढे किताबाच्या लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून गादी सोडून गेला आणि गदा मोहोळकडे गेली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

आष्टी-पाटोद्याला नगर शेजारचंच. त्यामुळे हा वाद बीड जिल्ह्यातल्या तालमींत परका राहिला नाही. पण त्यावर जे बोललं जातं, त्यातलं बरंच जत्रेतल्या फडावरून उचललेलं आहे. जत्रेत लोक आखाड्याला खेटून बसलेले असतात. पाठ लागली की नाही हे पंचाच्या आधी तेच ओरडून सांगतात, आणि फारच गोंधळ झाला तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. गादीवरची कुस्ती वेगळ्या कायद्याने चालते.

“एका पंचाने वाटोळं केलं” हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे गादीवर निकाल तिघांचा असतो: गादीवरचा पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. चितपट द्यायची तर गादीवरच्या पंचाला या दोघांपैकी एकाचा दुजोरा घ्यावाच लागतो. त्यानंतरच तो गादीवर हात आपटतो आणि शिट्टी वाजवतो. म्हणजे चूक झाली असेल तर ती एका माणसाची उरतच नाही. लाथ मात्र एकट्यानेच खाल्ली.

दुसरा प्रश्न हमखास येतो: “मग त्याच्या वस्तादाने चॅलेंज का नाही घेतलं?” इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे. गुण दिले किंवा नाकारले, तर कोपऱ्यातला प्रशिक्षक गादीवर स्पंज टाकून व्हिडिओ तपासायला लावू शकतो. मागणी फसली तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि हक्कही जातो. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गोल्ड कोस्टला अंतिम लढत १५-७ अशी जिंकली. अशा गुणांच्या कुस्तीत प्रत्येक गुणावर दाद मागायची वाट उघडी असते. चितपटीवर मात्र चॅलेंज नाही. ही हयगय नव्हे, तसं मुद्दाम ठरवलेलं आहे. चितपट खरी की खोटी हे तपासून पक्कं करण्याची जबाबदारी नियमाने मॅट चेअरमनवर टाकली आहे, म्हणून पैलवानाला वेगळी मागणी करायची गरज राहू नये अशी कल्पना. तेव्हा शिट्टी वाजवणाऱ्यावर तुटून पडण्याआधी टेबलाला विचारायला हवं होतं: तुम्ही काय पाहिलं, आणि कशावरून पक्कं केलं?

“मोबाइलमध्ये स्पष्ट दिसतंय की” म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत आणि पंचाला पकड पुरती बसल्याची खात्री होईल एवढा वेळ ते तिथे राहिले पाहिजेत. एका बाजूने काढलेल्या चित्रात पलीकडचा खांदा दिसत नाही, आणि थांबवलेल्या चित्रात वेळ दिसत नाही. अशा चित्रावरून राक्षे खरा ठरत नाही, तसा खोटाही ठरत नाही.

पंच चुकला म्हणून लाथ माफ होत नाही. पण लाथ मारली म्हणून तक्रारच खोटी, हेही धरू नये. या दोन प्रकरणांचा न्याय वेगवेगळा करायचा असतो. आणि मोहोळ? त्याला यात ओढायचं काहीच कारण नाही. तो कुस्ती खेळला. निकाल देणं त्याच्या हातात नव्हतं.

निकाल नंतर फिरवता आला असता, हाही एक भ्रमच. विजेता गादीवर जाहीर झाला की तो बदलत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलचंच पाहा. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटला गोलंदाज आर्मांडो गालारागा परिपूर्ण सामन्यापासून, म्हणजे समोरच्या एकालाही तळ गाठू न देण्यापासून, एका बळीवर होता. पंच जिम जॉयसने धावणाऱ्या खेळाडूला पहिल्या तळावर नाबाद ठरवलं. सामन्यानंतर चित्रफीत पाहून त्याने चूक कबूल केली, गालारागाने ती मोठ्या मनाने घेतली. तरी आयुक्तांनी निकाल बदलला नाही. बदलली ती पद्धत: २०१४ पासून व्हिडिओ फेरतपासणीची कक्षा खूप वाढवली.

आपल्याकडे तेवढं घडायला आधी एक घर हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणातून फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला हाच शिवराज राक्षे. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला सिकंदर आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या गुणांवरून वाद पेटला, तेव्हा पंचाला फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली होती. पंच शिकवायचे कुणी, नेमायचे कुणी आणि चुकले तर चौकशी कुणी करायची, याचं उत्तर संघटनेकडूनच यायला हवं. आणि एका किताबासाठी दोन संघटना असतील तर ते मागायचं कुणाकडे?